जपानी सरदार, संत्र्याच्या पेट्या आणि आजोबांचा कुडता

मी थापा मारतो असं जे म्हणतात, ते मला नीट ओळखत नाहीत. जे नीट ओळखतात ते याहून वाईट बोलतात. माझं म्हणणं एवढंच की नागपुरात सत्य जन्मतःच बुटकं असतं, उन्हानं आखडतं बिचारं. त्याला जरा ओढून-ताणून उभं केलं तर पाप लागत नाही. चाळीस वर्षं मी सदरमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चार खुर्च्यांच्या खानावळीवर 'भव्य' लिहिलं, एका खोलीतल्या शिकवणीवर 'महाविद्यालय' लिहिलं, आणि दोन्हीकडे माणसं आत शिरायला बाजूच्या गल्लीतून रांग लावायची. मग फ्लेक्सनं हळूहळू सगळं काम खाल्लं. माझे ब्रश डब्यात उभे राहून एकमेकांची तोंडं पाहू लागले, आणि नेमका त्याच सुमारास आमच्या घरात एक जपानी सरदार शिरला.

शिरला तो काकाजींच्या काखेतून.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळला. त्यांच्या अंगात राख एवढी भिनली होती की ते शिंकणार असं दिसलं की शेजारणी वाळत घातलेले कपडे काढून घ्यायच्या. निवृत्त झाल्यावर ते आमच्या वस्तीत राहायला आले आणि विहारात जाऊन बसू लागले. दर ऑक्टोबरात धम्मदीक्षेच्या दिवसांत जपानी पाहुणे येतात, त्यांना काकाजी पाणी पाजायचे. एका वर्षी एका म्हाताऱ्या जपानी पाहुण्यानं एका गार ग्लासाच्या बदल्यात त्यांच्या हातात उशीएवढं जाड चित्रांचं पुस्तक ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये जाऊन बसला.

पुस्तक इंग्रजीत होतं, एका जुन्या जपानी सरदारानं जमवलेल्या वस्तूंचं. काकाजींचं इंग्रजी बॉयलरच्या मॅन्युअलमधून आलेलं, त्यामुळे तो सरदार आमच्यापर्यंत पोचला तो थोडा कोळशावर चालणाराच. त्याचं नाव काकाजींनी मला शंभर वेळा सांगितलं आणि मी एकशे एक वेळा विसरलो. आम्ही त्याला नुसतं 'सरदारसाहेब' म्हणायचो.

"दोन पहाडांच्या मधात त्याचं राज्य," काकाजी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून सांगत. "लढाया सरून गेल्या होत्या. बाकीचे सरदार शिकार करत, ताव मारत. हा काय करे? माणसं धाडे. या देवळात जा, त्या देवळात जा, जुने कागद उतरवून आणा. चहाचे वाडगे जमा करे. छपरावरचे फुटके कवेलू जमा करे. अन् चिंध्या!"

"चिंध्या?"

"हिंदुस्थानातून जहाजानं गेलेलं छापील कापड. त्याचा तळहाताएवढा तुकडा भेटला तर त्याले पेटीत ठेवे. आपल्या कोण्या विणकराची चिंधी, पेंटर, अन् तिच्यासाठी तिथं लाकडाची पेटी! इथं जिवंत विणकराले बसाले कोणी पाट देत नव्हतं."

माझे आजोबा, म्हणजे काकाजींचे वडील, हातमागावर जाडंभरडं कापड विणायचे. त्यामुळे हे वाक्य बोलून झालं की काकाजी पुस्तक मिटायचे आणि मी उगाच ब्रश धुवायचो.

पण सरदारसाहेबांची खरी करामत पुढेच होती. ते प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पेटी करत आणि झाकणावर वस्तूचा इतिहास लिहीत. कुठून आली, कोणाच्या घरी होती, कोणाच्या हातून फुटली, कोणी सांधली. जिथं माहीत नाही तिथं सरळ 'ठाऊक नाही' लिहीत. एका पेटीवर तर त्यांनी आपणच लिहिलेलं खोडून खाली लिहिलं होतं की मी चुकलो होतो.

"सरदार होता बे तो!" काकाजी मांडीवर थाप मारत. "त्याले विचारणारा कोण होता? तरी खोडलं. इतिहास असा असते."

झालं. काकाजी स्वतःच सरदार झाले. सरदारांकडे असेल देवदाराचं लाकूड. आमच्याकडे संत्र्याच्या पेट्या. काकाजी कळमन्याच्या फळबाजारातून रिकाम्या पेट्या आणत, फळ्या सोडवत, घासत आणि नव्या पेट्या ठोकत. ठोकाठोकी एवढी की वस्तीतली कुत्री दुपारी झोपायला कामठीला जाऊ लागली. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की मार्गशीर्षातल्या बागेत आल्यासारखा संत्र्याचा वास येई. पेट्यांत काय काय जमलं! बॉयलरच्या प्रेशर मीटरचा काटा. गिरणीत काम केलेल्या एका म्हातारीचा पितळी बिल्ला. संत्री तोडायची कात्री. सदरच्या टपरीवरचा कान तुटलेला कप. आणि लंबी रोटी भाजायचं ते उपडं मडकं, जे त्यांनी कामठीला राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या चुलीवरून तिला न विचारता उचलून आणलं. आत्या तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हती. तीन उन्हाळे झाले होते.

झाकणं लिहायचं काम माझं. अक्षर माझं, ऑइलपेंट माझा. काकाजी मजकूर सांगत: "सदरच्या टपरीवरचा कप. कान तुटका." आता मला सांगा, चाळीस वर्षं 'भव्य' लिहिलेल्या हातानं एवढ्यावर थांबायचं कसं? मी खाली जोडलं: 'या कपातून दोन मंत्री व एक हिंदकेसरी चहा प्यायले. कान हिंदकेसरींच्या बोटाने तुटला.'

काकाजींनी चष्मा वर केला. "हे तुले कोणी सांगतलं?"

"टपरीवाल्यानं."

"हाव का? मस्त."

बॉयलरमधला एवढासा आवाज बदलला की ओळखणारा हा माणूस, पण ऑइलपेंटमध्ये लिहिलेलं काहीही त्यांना खरं वाटे. मग मी सुटलोच. कात्रीनं इंग्रज साहेबाची मिशी कापली. बिल्ला गोळी अडवून वाकडा झाला. आत्याच्या मडक्यावर मी लिहिलं, 'राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून.' सत्तेचाळीस पेट्या झाल्या, आणि त्यांतल्या निदान चाळिसांचा इतिहास माझ्या दुकानात, दोन चहांच्या मधल्या वेळात घडला होता.

इथवर सगळी गंमत होती. पुढं मी जे केलं ते मात्र गमतीत मोडत नाही.

एका संध्याकाळी मी गेलो तर काकाजी हत्यारं गुंडाळून बसले होते. समोर ते पुस्तक उघडं. पानावर सरदारसाहेबांच्या वडिलांचं चिलखत, त्याच्या पेटीसकट.

"त्याच्या जवळ त्याच्या बापाचं चिलखत होतं," ते म्हणाले. "माह्या जवळ माह्या बापाचं काय आहे? माग विकला. घर पाडून बांधलं. एक बटन नाही गा. दुनियेचे कप जमा करून राहिलो मी, अन् बापाची पेटी रिकामी."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मी लहानपणापासून ऐकत होतो. छप्पन साली, आठ वर्षांचे असताना, बापाच्या खांद्यावर बसून ते दीक्षेला गेले. माणसांचा समुद्र, सगळा पांढरा. आणि त्यांच्या मांड्यांखाली बापाचा पांढरा कुडता, घामानं ओला. "त्या कुडत्याचा चिमटीएवढा तुकडा असता ना पेंटर, तर बाकीच्या सत्तेचाळीस पेट्या मी नाल्यात फेकल्या असत्या."

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ठोकाठोकी नाही. कुत्री कामठीहून परत आली. आठवडाभर मी तो चेहरा पाहिला, आणि मग माझ्या आतल्या पेंटरनं माझ्या आतल्या पुतण्याला बाजूला ढकललं. दुकानात ब्रश पुसायला कामठीहून आणलेला जाड्या पांढऱ्या कापडाचा गठ्ठा होता. त्यातला एक तुकडा मी कापला, चहाच्या पाण्यात बुडवला, उन्हात घातला, दगडावर घासला. दोन दिवसांत मी त्याला साठ-सत्तर वर्षांचा केला. मग घेऊन गेलो आणि म्हणालो, "काकाजी, आईच्या जुन्या पेटीच्या तळाशी सापडलं. आई म्हणायची, आजोबांच्या दीक्षेच्या कुडत्याचं आहे."

आई आणि वडील दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना विचारायची सोय नव्हती, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

काकाजींनी तो तुकडा दोन्ही हातांवर घेतला. कपाळाला लावला. त्या रात्री चार पोळ्या खाल्ल्या आणि सकाळी सगळ्यांत सुंदर पेटी ठोकली. झाकणावर मी लिहिलं, 'छप्पन साली दीक्षेला घातलेल्या कुडत्याचा तुकडा.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत आखूड खोटं, आणि तेवढं एकच मी काकाजींकडे न पाहता लिहिलं.

वर्ष गेलं. ऑक्टोबर आला, आणि पाहुण्यांबरोबर आली एक जपानी बाई. पुस्तक देणाऱ्या त्या म्हाताऱ्याची पुतणी. सरदारसाहेबांचा संग्रह ज्या संग्रहालयात आहे तिथं ती काम करत होती, आणि तिचा विभाग कोणता? कापड. काकाजींचा आनंद कोराडीच्या चिमणीहून उंच गेला. त्यांनी विहाराच्या हॉलमध्ये सत्तेचाळीस आणि एक पेट्या मांडल्या. अख्खी वस्ती जमली. बाईबरोबर दुभाषी म्हणून कामठीचीच, जपानी शिकलेली एक मुलगी होती.

बाई प्रत्येक पेटीपुढं वाकायची, मुलगी माझी झाकणं जपानीत सांगायची, बाई मान हलवायची. हिंदकेसरीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मी खांबाआड उभा होतो. एवढ्यात दारातून आवाज आला.

"कोठी आहे तो मडकंचोर?"

आत्या. चौऱ्याऐंशीचं वय, शेअर ऑटोतून एकटी आलेली, कमरेवर हात. प्रदर्शनाची बातमी कामठीला पोचली होती आणि ती आपलं मडकं न्यायला आली होती. मडकं तिला लगेच दिसलं. झाकण वाचता येईना, म्हणून शेजारच्या बाईला वाचायला लावलं.

"राजवाडा? मुदपाकखाना?" आत्या हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "अवं, माह्या चुलीवरून नेलं यानं हे! पोळ्या भाजत होती मी! राजा जेवाले आला होता का वं माह्या घरी? मले तर नाही दिसला!"

वस्ती हसून लोळली. काकाजी हसले नाहीत. त्यांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. बॉयलरचा आवाज बदलल्यावर पाहत असतील तसं.

पण पाहुणी समोर होती. ते सावरले, तिला शेवटच्या पेटीपाशी घेऊन गेले आणि झाकण उघडलं. मुलीनं वाचलं. मागचे लोक पुढं सरकले. वस्तीतल्या प्रत्येक घरात छप्पनचा एकेक कुडता किंवा एकेक लुगडं आहे, निदान गोष्टीत तरी.

"मी ठरवलं आहे," काकाजी म्हणाले, "याचा अर्धा तुकडा बाईंना देणार. त्यांच्या सरदारानं आपल्या विणकराची चिंधी सांभाळली. माह्या बापाची चिंधी त्याच्या बाजूले राहू द्या. हजार वर्ष राहू द्या."

टाळ्या पडल्या. माझ्या थापा आजवर फार तर वर्धेपर्यंत गेल्या होत्या. ही पासपोर्टशिवाय जपानला निघाली होती.

बाईनं पर्समधून भिंग काढलं. कापड उजेडात धरलं. काठ पाहिला. हातमागाच्या कापडाला काठाशी ताण द्यायच्या काडीची बारीक भोकं असतात आणि धागा कधी जाड कधी बारीक धावतो, हे मला आजोबांच्या घरचा म्हणून ठाऊक आहे. त्या तुकड्याच्या काठाला एकही भोक नव्हतं आणि धागा रेल्वेच्या रुळासारखा सरळ होता. ती बघत राहिली. मग तिनं हळूच काहीतरी विचारलं.

"झाकण कोणी लिहिलं म्हणते," मुलगी म्हणाली.

"माह्या पुतण्यानं," काकाजी अभिमानानं म्हणाले. "तो पाहा, खांबामागं."

बाई माझ्याकडे वळली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बस, एवढंच. तिला कळलं होतं, आणि ती ते काकाजींना कधीच सांगणार नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या, चाळीस वर्षांचा सराव आहे. पण तो नमस्कार पचेना. मी गप्प राहिलो तर कधीतरी तिकडे कोणी तिसराच माणूस भिंग लावणार आणि लिहिणार, की नागपूरच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या बापाच्या नावानं खोटं कापड खपवलं. माझं नाही, काकाजींचं नाव जाणार. खोडायची सवय असलेल्या सरदाराच्या शेजारी, न खोडलेलं.

"काकाजी," मी म्हणालो, "ते नोका देऊ."

"काहून?"

"ते आजोबांचं नाही."

"मंग कोणाचं?"

"माह्या दुकानातलं. ब्रश पुसाचं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य न वाढवता बोललो आणि अख्ख्या हॉलचे पंखे बंद पडल्यासारखे झाले. काकाजी त्या तुकड्याकडे पाहत राहिले.

"मी त्याले रोज नमस्कार करत होतो बे," ते म्हणाले.

"तुमचं तोंड पाहवत नव्हतं, काकाजी. तुम्ही जेवत नव्हते."

"मले भुकेनं मरू द्याचं होतं. बापाच्या जागी फडकं ठेवलं तू?"

आणि तेव्हा, मडक्याशेजारी ठाण मांडलेली आत्या हसायला लागली. ती आधी खुसुखुसु हसली, मग एवढी की दोघींनी तिला धरून खुर्चीवर बसवलं.

"कुडतं कोठी गेलं, हे मले विचाराचं होतं ना!" ती भावाला म्हणाली. "मडकं न्याले आला तवा पाय होते, विचाराले तोंड नव्हतं? पंधरा वर्षाची होती मी. बाजारात पांढरं कापड भेटेच ना, तं बापानं सोताच्या मागावर विणलं. मायनं हातानं शिवलं. अन् तू, खांद्यावर बसून, त्याच्याच बाहीले नाक पुसलं तू! मंग सहा वर्ष बाप दर दीक्षेले तेच घाले. अन् मंग हा पेंटर झाला."

"मी?" मी म्हणालो.

"तू नाही तं कोण? भर थंडीत जन्मला. घरात मऊ कापड नाही. माय म्हणे, आता काय करू? बाप म्हणे, कुडतं आण. या घरात त्याहून चांगलं कापड नाही अन् या पोट्ट्याहून नवं कोणी नाही. फाड. सहा लंगोट झाले अन् एक दुपटं. अन् यानं, बाप्पा..."

पुढचं तिनं सविस्तर सांगितलं. माझ्या जीवनचरित्रातला तो भाग मी स्वतः कधीही वाढवून सांगितला नसता. आत्यानं मात्र एका थेंबाची काटकसर केली नाही. मुलगी ते जपानीत सांगू लागली, मध्येच अडली, हातांनी खुणा केल्या. बाईनं तोंडावर हात ठेवला आणि तिचे खांदे हलू लागले. वस्ती तर भिंतींना धरून उभी होती.

काकाजी हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, जणू माझ्यावर कुठं काठाची भोकं दिसतात का ते शोधत होते. मग ते असे हसले की त्यांच्या छातीतली कोराडीची उरलीसुरली राख त्या दिवशी बाहेर पडली असावी.

"ब्रश आण," ते म्हणाले.

"काहून?"

"आण म्हणतो ना बह्याडा. काळा रंग आण अन् पांढरा आण."

त्या दुपारी, सगळ्यांसमोर, मी सत्तेचाळीस झाकणं खोडायला बसलो. हिंदकेसरी गेला, साहेबाची मिशी गेली, गोळी गेली. चौदा पेट्यांवर 'ठाऊक नाही' आलं. मडक्याच्या पेटीवर 'बहिणीचं, न विचारता आणलं, परत दिलं' आलं, आत्यानं ते वाचून घेतल्यावरच मडकं उचललं, आणि भावाला म्हणाली, "पोळ्या खाले ये." ब्रश पुसायचं कापड आजोबांच्या पेटीतून काढून दुसऱ्या रिकाम्या पेटीत ठेवलं, आणि तिच्यासाठी काकाजींनी मजकूर सांगितला: 'कामठीचं पॉवरलूमचं कापड. पुतण्यानं काकाला खोटं सांगितलं. काका जेवत नव्हता.' बाईनं ती पेटी दोन्ही हातांनी मागून घेतली. मुलगी म्हणाली, सरदारसाहेबांची ती खोडलेली पेटी यांनी स्वतः हाताळली आहे, ही तिच्या शेजारी ठेवणार आहेत. तर माझं खोटं शेवटी जपानला गेलंच, पण कागदपत्रं नीट करून.

निघताना बाईनं आजोबांच्या नावाची पेटी मागितली. कापड निघाल्यावर ती रिकामी राहिली होती, आणि तिच्यावर मी नुकतंच आत्यानं सांगितलेलं सगळं, एकही शब्द न वाढवता लिहिलं होतं.

"ती नाही," काकाजी म्हणाले. "पाहिजे तं बाकीच्या सगळ्या न्या."

ती पेटी अजून काकाजींच्या खोलीत मधोमध आहे. पाहुणा आला की ते झाकण वाचायला लावतात, मग पेटी उघडतात. आत काही नसतं, फक्त संत्र्याचा वास. पाहुणा गोंधळून विचारतो, कुडता कुठं आहे? तेव्हा काकाजी मला फोन करतात, आणि मी असेल ते काम टाकून सदरहून निघतो. वय बासष्ट, पोट सुटलेलं, शर्टावर ऑइलपेंट. मी पेटीशेजारी सरळ उभा राहतो. काकाजी माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

"हा," ते पाहुण्याला सांगतात. "एवढाच उरला आहे."